ऑसिलोस्कोप नाही, लॉजिक अ‍ॅनालायझर नाही, म्हणजे वायरवरचा सिग्नल बघायची सोयच नाही, आणि ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअरशी बोलणारा सॉफ्टवेअरचा तुकडा) बग आहे असं वाटतंय, मग करायचं काय?

नारायण पेठेत माझ्या मामांचं फरसाणाचं दुकान आहे. दिवाळीच्या आधी एका काकूंनी पाव किलो बाकरवडी घेतली आणि बिल आलं अर्ध्या किलोचं. काट्याच्या डिस्प्लेवर स्वच्छ ०.२५०, छापलेल्या बिलावर ०.५००. काकूंनी जे काय सुनावलं ते इथे लिहीत नाही. संध्याकाळी मामांचा फोन, "अरे, काटा बिघडलाय का तुझं ते लिनक्स, एवढंच सांग, बाकीचं लेक्चर नको."

तर सेटअप असा: वजनकाट्यातून आरएस-२३२ ची (जुन्या सिरियल पोर्टची) केबल, ती यूएसबी-सिरियल कन्व्हर्टरला, तो पीसीला, आणि पीसीवर लिनक्स (मीच टाकून दिलेलं, म्हणून "तुझं"). कन्व्हर्टरची चिप जरा नवीन, कर्नलमधल्या (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ड्रायव्हरला ती ओळखू येईना, त्यामुळे चिपवाल्यांच्या साइटवरून झिप उतरवून त्यांचाच ड्रायव्हर कंपाइल केलेला. हिंजवडीला ऑफिसात चांगला चार चॅनलचा ऑसिलोस्कोप आहे, पण तो घरी आणू देत नाहीत आणि दुकान उचलून ऑफिसात नेता येत नाही. हे सगळं त्याच्याशिवाय कसं सुटलं ते क्रमाने सांगतो, चुकलो तिथे पण सांगतो. कमांडची नावं उच्चारतो तशी लिहितोय, टर्मिनलात अर्थात इंग्रजीतच टाका.

आधी हात बांधून बसा

पहिल्या दिवशी मी काय केलं, तर केबल बदलली, यूएसबीचा पोर्ट बदलला, कर्नल अपडेट केला आणि रीबूट मारला, सगळं एका दमात. बग गायब. मी खुश, मामा खुश. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत तेच, आणि आता मला हेही सांगता येईना की काल नक्की कशाने बरं झालं होतं. म्हणून पहिला नियम, एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलण्याआधी दोन-चार दिवस काहीच न बदलता नुसतं लिहून ठेवा.

दुकानातल्या पोराला एक वही दिली. वेळ, काट्यावर किती दिसलं, बिलात किती आलं, बस. चार दिवसांत जे दिसलं ते कुठल्याही स्कोपवर दिसलं नसतं. एक, सकाळी एकही चूक नाही, सगळ्या चुका चारनंतरच्या. दोन, ०.५०० कायम बरोबर, ०.३०० आणि ०.३५० पण बरोबर, पण ०.२५० चं ०.५० होतंय, ०.७५० चं पण ०.५० होतंय आणि ०.१०० ला सॉफ्टवेअर म्हणतंय वजनच नाही.

चारनंतर का, हे पुण्यातल्या माणसाला सांगायला नको. दुकान एक ते चार बंद, आणि मामा दुपारी निघताना पीसी बंद करत नाहीत, तो आपोआप स्लीपला जातो. म्हणजे मामांची वामकुक्षी झाली की काटा चुकतो. मला पहिल्या दिवशी रीबूटने "बरं" वाटलं ते पण त्यामुळेच, रीबूट म्हणजे नवी सुरुवात, स्लीप झालेलीच नाही.

कुठल्या थरात चुकतंय ते बघा

ड्रायव्हरवर संशय घेणं सोपं असतं कारण तो कोणाला दिसत नाही. पण साखळीत काटा आहे, वायर आहे, कन्व्हर्टरची चिप आहे, ड्रायव्हर आहे, त्यावर कर्नलचा टीटीवाय थर (सिरियल पोर्ट वरच्या सॉफ्टवेअरला फाइलसारखा दाखवणारा) आहे आणि सगळ्यात वर बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, ह्यातला कोणीही गुन्हेगार असू शकतो. काटा लगेच सुटला, कारण डिस्प्ले बरोबर होता आणि पीसी रीबूट केल्यावर काट्याला हात न लावता सगळं ठीक व्हायचं.

मग मी संध्याकाळी, बग चालू असताना, बिलिंग बंद केलं आणि पोर्ट थेट हेक्सडंपमध्ये (आलेले बाइट जसेच्या तसे दाखवणारी कमांड) उघडला. सगळे आकडे बरोबर! अर्धा तास मी बिलिंगवाल्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. चूक माझी होती. पोर्ट बंद करून परत उघडला की ड्रायव्हर चिपला सगळी सेटिंग नव्याने पाठवतो, म्हणजे बघायला गेलो आणि बघता बघता बग दुरुस्त करून बसलो. हे नीट लक्षात ठेवा, पोर्ट उघडणं, केबल काढून लावणं, ड्रायव्हर काढून घालणं ह्या सगळ्या गोष्टी हार्डवेअरची अवस्था बदलतात. बघायचं तर न शिवता बघायला हवं.

न शिवता बघायचे दोन मार्ग. पहिला, बिलिंग चालूच ठेवा आणि दुसऱ्या टर्मिनलातून एसटीटीवायला त्या पोर्टची सगळी सेटिंग विचारा. आधीच उघडा असलेला पोर्ट दुसऱ्यांदा उघडला तर ड्रायव्हर चिपला परत सेट करत नाही. (फक्त तिथे पोर्ट वाचणारी कॅट वगैरे कमांड लावू नका, बिलिंगचे बाइट चोराल.) मला दिसलं बॉड रेट (सेकंदाला किती बिट) ९६००, सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी, एक स्टॉप बिट, काट्याच्या पुस्तिकेत आहे तेच. म्हणजे कर्नलच्या डोक्यात सेटिंग बरोबर आहे.

दुसरा मार्ग यूएसबीमॉन. हा गरिबाचा लॉजिक अ‍ॅनालायझर आहे आणि फुकट आहे, आणि का कोण जाणे लोक वापरत नाहीत. मॉडप्रोबने यूएसबीमॉन मॉड्यूल लोड करा, एलएसयूएसबीने आपला कन्व्हर्टर कुठल्या बसवर आहे ते बघा आणि वायरशार्कमध्ये तो बस निवडा. ड्रायव्हरने चिपला काय पाठवलं आणि चिपकडून काय आलं, प्रत्येक ट्रान्सफर वेळेसकट दिसतो. मर्यादा एकच, हे यूएसबीच्या बाजूचं दिसतं, काट्याच्या वायरवर प्रत्यक्ष काय व्होल्टेज आहे ते नाही. पण ड्रायव्हरचा बग शोधायला बऱ्याचदा तेवढं पुरतं.

आकडे स्वतःच सांगत होते

यूएसबीमॉनमध्ये बघितलं तर काही आकडे नीट येत होते आणि काहींच्या डोक्यावर आठवा बिट चढलेला होता. ०, ३, ५, ६, ९ ठीक, आणि १, २, ४, ७, ८ खराब. हे बघितल्यावर मी कागद घेतला. आस्कीत (अक्षरांच्या संगणकी कोडमध्ये) २ हा ०११००१० असा असतो, त्यात १ किती? तीन, विषम. ५ हा ०११०१०१, त्यात चार, सम. इव्हन पॅरिटी म्हणजे एकांची एकूण संख्या सम व्हावी म्हणून पाठवणारा शेवटी एक जादा बिट लावतो, २ ला तो १ लावावा लागतो, ५ ला ०. आता समोरचा सात डेटा अधिक पॅरिटी असं न वाचता सरळ आठ डेटा बिट म्हणून वाचायला लागला तर? तो पॅरिटीचा बिट त्याला आठवा डेटा बिट वाटणार. ५ तसाच राहणार, २ चा भलताच बाइट होणार. बिलिंगचं सॉफ्टवेअर आकडा नसलेला बाइट गुपचूप गाळून टाकतं, म्हणून ००.२५० मधला २ गळला आणि उरलं ००.५०. काकूंचा अर्धा किलो.

आणि कुठेच एरर का दिसली नाही? सात डेटा अधिक एक पॅरिटी आणि आठ डेटा बिनपॅरिटी, स्टार्ट आणि स्टॉप धरून दोन्हींची फ्रेम (एका अक्षराचा अख्खा गठ्ठा) दहाच बिटांची. स्टॉप बिट जागच्या जागी सापडतो, फ्रेमिंग एरर येत नाही, बॉड रेट तर बरोबरच आहे. बॉड रेट चुकला असता तर पाचाचा पण कचरा झाला असता. असा ठराविक आकड्यांचाच घोळ दिसला की पॅरिटी, आणि मधले अख्खे बाइट गायब असतील तर बफर किंवा फ्लो कंट्रोल, हा फरक नुसत्या डेटाकडे बघून करता येतो.

म्हणजे आता वाक्य नेमकं झालं: स्लीपनंतर कर्नलला वाटतंय चिप सात-इव्हनला आहे, चिप मात्र आठ-नन (आठ डेटा बिट, पॅरिटी नाही) वर आहे. "काटा कधीकधी चुकतो" ह्यावरून इथपर्यंत आलो की निम्मं काम झालं.

हवा तेव्हा बग आणता आला पाहिजे

रोज चार वाजायची वाट बघत बसलो तर दिवाळी संपेल. आरटीसीवेक नावाची कमांड आहे, ती मशीनला मेमरीत झोपवते आणि सांगितलेल्या सेकंदांनी उठवते. तीन तासांची झोप तीस सेकंदांत. दुकानातल्या पीसीवर दहा वेळा केलं, दहाही वेळा बग आला. सोनं.

मग कन्व्हर्टर घरी आणला, लॅपटॉपला लावला, तेच केलं, आणि बग येईना. इथे माझे दोन दिवस गेले म्हणून सविस्तर लिहितो. दोन्ही मशीनचे डीमेसेज (कर्नलचा लॉग) शेजारी ठेवून वाचले. दुकानाच्या पीसीवर जागं होताना एक ओळ होती की अमुक नंबरचं फुल-स्पीड यूएसबी डिव्हाइस रीसेट केलं, लॅपटॉपवर ती ओळच नव्हती. काही मदरबोर्ड झोपेत यूएसबीचा करंट चालू ठेवतात, काही तोडतात. करंट तुटला तर चिप सगळं विसरते, कर्नल तिला रीसेट करून ड्रायव्हरच्या रीसेट-रिझ्यूम ह्या फंक्शनला सांगतो की बाबा हिला परत तयार कर. करंट तुटलाच नाही तर नुसतं रिझ्यूम. लॅपटॉपवर तो रस्ताच चालत नव्हता.

तो रस्ता मुद्दाम चालवता येतो. यूएसबीकोर मॉड्यूलला क्वर्क्स नावाचा पॅरामीटर आहे, त्यात डिव्हाइसचा व्हेंडर आयडी, प्रॉडक्ट आयडी आणि पुढे "बी" हे अक्षर दिलं की कर्नल ते डिव्हाइस दर वेळी रीसेट करूनच उठवतो. सेट करा, कन्व्हर्टर काढून परत लावा (क्वर्क लावताना वाचला जातो, नंतर नाही), आणि झोपवून उठवा. बग घरी आला.

पण घरी काटा नव्हता, मामा तो दिवाळीत देणारही नव्हते. तपकीर गल्लीत जाऊन वेगळ्या चिपचा दुसरा कन्व्हर्टर आणि डीबी-९ चे दोन फीमेल कनेक्टर आणले. एकाची २ नंबरची पिन दुसऱ्याच्या ३ ला, ३ ची २ ला, ५ ची ५ ला, तीन वायर आणि झालं. दुसऱ्या कन्व्हर्टरवर सात-इव्हन लावून दर सेकंदाला ००.२५० छापणारी चार ओळींची स्क्रिप्ट म्हणजे माझा नकली काटा.

लूपबॅक करा असं सगळे सांगतात, म्हणजे एकाच कन्व्हर्टरच्या २ आणि ३ पिना जोडायच्या आणि पाठवलेलं परत येतं का बघायचं. मी पण आधी तेच केलं, सेफ्टी पिनेने, आणि ते अगदी पास झालं. होणारच, कारण पाठवणारी आणि घेणारी चिप एकच, दोन्हीकडे सारखीच चुकीची पॅरिटी. लूपबॅक वायर तुटलीय का, बाइट हरवतायत का एवढं सांगतो, सेटिंग बरोबर आहे का ते सांगत नाही. दुसरा, स्वतंत्र साक्षीदार लागतोच.

एक सावधगिरी: आर्डुइनोबरोबर वापरतात ते ३.३ किंवा ५ व्होल्टचे टीटीएल मॉड्यूल थेट काट्याला लावू नका. आरएस-२३२ ला उणे १५ ते अधिक १५ व्होल्टपर्यंत काहीही असू शकतं, मॉड्यूल मरेल. घरात साधा मल्टिमीटर असला तर काटा काही पाठवत नसताना त्याची पाठवायची पिन ग्राउंडच्या मानाने उणे दिसली पाहिजे.

(तुमचं प्रकरण यूएसबीचं नसून आयटूसी सेन्सरचं असेल तर कर्नलमध्ये आयटूसी-स्टब म्हणून मॉड्यूल आहे, ते खोटी चिप उभी करतं, जीपीआयओसाठी जीपीआयओ-सिम. आयटूसीडिटेक्ट मात्र जपून चालवा, काही चिपा नुसत्या चाचपण्यानेही बिथरतात. आणि बग आधी नव्हता, कर्नल अपडेटनंतर आला असं असेल तर कोड वाचत बसू नका, गिट बायसेक्ट लावा, हजार कमिट असले तरी साधारण दहा फेऱ्यांत गुन्हेगार सापडतो.)

आता कोड उघडा, आत्ता, आधी नाही

यूएसबीमॉनच्या दोन रेकॉर्डिंग घेतल्या. पोर्ट पहिल्यांदा उघडताना ड्रायव्हर तीन कंट्रोल ट्रान्सफर पाठवत होता: बॉड रेट, मग डेटा बिट आणि पॅरिटीचा बाइट, मग डीटीआर-आरटीएस ("मी तयार आहे" सांगणाऱ्या दोन वायरी). झोपेतून उठल्यावर दोनच. मधला गायब. हे हातात असल्यावर दीड हजार ओळींची फाइल अख्खी वाचायची गरजच नाही, रीसेट-रिझ्यूमचं फंक्शन शोधलं, पंधरा ओळींचं होतं, त्यात बॉड रेट परत लावलेला, डीटीआर परत लावलेला, पॅरिटीचं नाव नाही. आठ-नन हे चिपचं डिफॉल्ट, आणि बहुतेक जग आठ-ननच वापरतं, त्यामुळे लिहिणाऱ्याला कधी कळलंच नसणार.

खात्रीसाठी कोड बदलायच्या आधी एक प्रयोग: बग चालू असताना एसटीटीवायने पोर्ट आठ-नन केला आणि लगेच परत सात-इव्हन. आकडे सुधारले. थेट सात-इव्हन परत दिलं तर काही झालं नाही, कारण आधीचीच सेटिंग आहे असं बघून ड्रायव्हर काही पाठवतच नाही. दोन्ही निकाल माझ्या अंदाजात बसले. आयस्ट्रिप नावाचा एसटीटीवायचा पर्याय पण लावून बघितला, तो आठवा बिट छाटून टाकतो, त्यानेही आकडे ठीक. दुकानात तात्पुरती मलमपट्टी म्हणून तोच लावून दिला, मामांचा गल्ला थांबला नाही.

दुरुस्ती अगदी लहान. पॅरिटीचा शेवटचा पाठवलेला बाइट ड्रायव्हरच्या स्वतःच्या स्ट्रक्चरमध्ये जपायचा आणि रीसेट-रिझ्यूममध्ये बॉड रेटनंतर परत पाठवायचा. पण लहान दुरुस्तीत पण पाय घसरतो. यूएसबीचा कंट्रोल मेसेज झोपू शकतो (म्हणजे उत्तराची वाट बघत थांबू शकतो), म्हणून तो स्पिनलॉक (धरलेलं असताना थांबायला मनाई असलेलं कर्नलचं कुलूप) धरून पाठवायचा नाही, नाहीतर कर्नल "शेड्यूलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक" म्हणून बोंब मारतो. पाठवायचा बफर स्टॅकवर ठेवायचा नाही, के-मॅलॉकने घ्यायचा. परत आलेला एरर कोड बघायचा, जुन्या कोडने तो कुठेच बघितलेला नव्हता. आणि हात शिवशिवले तरी बाकीचा कोड "सुंदर" करायचा नाही, बग गेला तर तो कशाने गेला ते कळलं पाहिजे.

मधे काही छापून बघायचं असेल तर प्रिंट-के (कर्नलच्या लॉगमध्ये छापणारं फंक्शन) सगळीकडे पेरू नका. कोडमध्ये डीबग ओळी आधीच असतील तर डायनॅमिक डीबगने त्याच मॉड्यूलपुरत्या चालू होतात. आणि बग वेळेच्या शर्यतीचा (दोन कामांपैकी आधी कोणतं होतं त्यावर येणारा) असेल तर छापणंच तो लपवतं: सिरियल कन्सोल १,१५,२०० ला असेल तर ऐंशी अक्षरांची एक ओळ छापायला सुमारे सात मिलिसेकंद जातात, तेवढ्यात शर्यत संपलेली असते. तिथे ट्रेस-प्रिंटके वापरा, तो मेमरीत लिहितो.

गेला म्हणजे खरंच गेला का

मेक (कंपाइल), आरएममॉड (जुना काढा), इन्समॉड (नवा घाला), आणि मोडइन्फो नव्या फाइलचं जे एसआरसीव्हर्जन सांगतं ते सिस फोल्डरमधल्या, लोड झालेल्या मॉड्यूलच्या एसआरसीव्हर्जनशी ताडून बघा की खरंच नवीन फाइलच लोड झालीय. हसू नका, मी एकदा अख्खी दुपार जुनाच मॉड्यूल टेस्ट केलाय. सिक्युअर बूट चालू असेल तर सही नसलेला मॉड्यूल सहसा लोडच होत नाही, ते पण बघा. जुनी फाइल बाजूला जपून ठेवा.

किती वेळा टेस्ट करायचं ते बग किती वेळा येत होता त्यावर. माझा दहापैकी दहा वेळा येत होता, वीस वेळा न येणं पुरेसं. पण दहात एकदाच येणारा बग असेल तर काहीही दुरुस्त न करता दहा फेऱ्या स्वच्छ जायची शक्यता ३५ टक्के आहे, तीस फेऱ्या केल्या तर ती चारेक टक्क्यांवर येते. आणि मग एक गोष्ट जी कोणी करत नाही: दुरुस्ती काढून टाका आणि बग परत येतोय का बघा. माझा आला. परत घातली, गेला. आता ठीक.

दुकानात डीकेएमएसने बसवला, म्हणजे कर्नल अपडेट झाला तरी मॉड्यूल आपोआप परत कंपाइल होईल. चिपवाल्यांना पॅच पाठवला, सोबत यूएसबीमॉनच्या दोन्ही रेकॉर्डिंग आणि आरटीसीवेकची कमांड, म्हणजे त्यांना त्यांच्या टेबलावर दोन मिनिटांत बग दिसेल. अजून उत्तर नाही. बिलिंगवाल्याला पण सांगितलं की बाबा खराब बाइट गाळू नकोस, अख्खी ओळ फेकून दे, काटा लगेच पुढची पाठवतोच. ते त्याने दुसऱ्याच दिवशी केलं.

मामांना सांगितलं, काटा ठीक आहे. "म्हणजे तुझं लिनक्सच," ते म्हणाले. आठवड्याने परत फोन, लाईट जाऊन आली आणि काटाच दिसत नाही. ह्या वेळी ड्रायव्हर बिचारा निर्दोष होता, घरून आणलेला दुसरा कन्व्हर्टर मी तिथेच लावून विसरलो होतो आणि पोर्टांचे नंबर अदलाबदल झाले होते. बिलिंगमध्ये टीटीवायचा नंबर न देता डेव्ह फोल्डरमधल्या सिरियलच्या आत बाय-आयडीखाली जे लांबलचक नाव असतं ते द्या, ते बदलत नाही.